बागायतीजवळ माकड मरून पडलंय आणि काजूचा सीझन ऐन भरात आहे, माकडतापाबद्दल कोणी नीट सांगेल का?

काजूवाली_सून

नमस्कार मंडळी. सासरची काजूची बागायत आहे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून वर आत गेलं की, म्हादई अभयारण्याचं रान तिथून फार लांब नाही. मी आणि नवरा नोकरीमुळे फोंड्याला असतो, बागायत सासू-सासरेच बघतात, आणि सीझनला आम्ही शनिवार-रविवारी जातो बिया वेचायला आणि बोंडं गोळा करायला. भट्टी सासऱ्यांचीच आहे त्यामुळे हुर्राकाचं (काजूच्या बोंडाच्या रसाची दारू) काम एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, बोंड एक दिवस पडून राहिलं तरी गेलं.

तर झालं असं की परवा शेजारच्या बागायतीत ओहोळाजवळ एक माकड मेलेलं सापडलं. तिथल्या कामगारांनी काठीने ढकलून खाली टाकलं म्हणे. आता आमच्याकडे येणाऱ्या दोन बायका म्हणतात आम्ही येणार नाही, माकडताप होतो. सासूबाई (आम्ही त्यांना मांय म्हणतो) म्हणतात काही होत नाही, एवढी वर्षं माकडं बोंडं खातायत आणि आम्ही त्याच झाडाखाली काम करतोय, आणि म्हणतात की चुलत दिराला तो ताप एकाच सीझनमध्ये दोनदा येऊन गेला, बरा झाला, त्यात काय एवढं. सासरे म्हणतात हुर्राक पिणाऱ्याला ताप येत नाही. नवरा गूगल करून करून घाबरलाय आणि म्हणतो यंदा बागायत सोडून द्या.

मला खरं काय ते कळत नाहीये. माकडाने उष्टं केलेलं बोंड हाताळलं तर होतो का? गोठ्यात दोन गायी आहेत, दूध घरातच वापरतो, त्यातून येतो का? मे महिन्याच्या सुट्टीत मुलं तिथेच असतात त्यांचं काय करू? आणि डेंगीची टेस्ट केली तर त्यात हे कळतं का? कृपा करून ज्यांना माहिती आहे त्यांनीच सांगा, घाबरवणारे फॉरवर्ड नकोत, ते घरच्या ग्रूपवर भरपूर आलेत.

---

मायक्रोबायो_पणजी

ताई आधी सगळ्यात महत्त्वाचं. ते माकड अजून तिथेच असेल तर कोणीही हात लावू नका, पुरू नका, जाळू नका, कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नका. आजच्या आज आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याच्या ऑफिसला कळवा. ते लोक सॅम्पल घेतात आणि आजूबाजूच्या जमिनीवर गोचीड मारायची पावडर टाकतात. आणि ज्यांनी काठीने ढकललं त्यांची नावं लिहून ठेवा, पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यातल्या कोणाला ताप आला तर डॉक्टरला ही गोष्ट पहिली सांगायला हवी.

आता मूळ मुद्दा. हा ताप माकडापासून थेट होत नाही, गोचिडीपासून होतो. व्हायरसचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज व्हायरस, आणि त्याच्या तापाला थोडक्यात म्हणतात केएफडी. डेंगी, जपानी मेंदूज्वर, यलो फीवर हे सगळे ज्या फ्लॅविव्हायरस कुळातले त्याच कुळातला हा, फक्त डेंगी डासातून येतो आणि हा गोचिडीतून. गोचिडीची मुख्य जात हीमाफायसालिस स्पिनिजेरा. ती रानातल्या उंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांवर आणि जमिनीवर चरणाऱ्या पाखरांवर जगते, व्हायरस मुळात या चक्रात फिरत असतो. माकड त्यात सापडलं की त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड वाढतो, त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी ते रक्त पितात, आणि माकड मेलं आणि अंग गार पडलं की त्या सगळ्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आजूबाजूची जागा सगळ्यात धोक्याची. माकडाने खाल्लेल्या बोंडाचा काही संबंध नाही, बोंडातून हा ताप झाल्याचं कुठे नोंदलेलं नाही. पण ते बोंड ज्या पाल्यात पडलंय तिथे हात घालताना गोचीड चढू शकते, भीती त्याची बाळगा.

दुधाचं पण तेच, गायीच्या दुधातून माणसाला केएफडी झाल्याचा पुरावा नाही, तरी दूध उकळूनच प्या, ते बाकीच्या दहा कारणांसाठी. गायीचा संबंध वेगळ्या बाजूने आहे. मोठ्या झालेल्या गोचिडी गुरांवर पोट भरतात आणि मग खाली पडून अंडी घालतात, म्हणजे रानात चरायला जाणारी गुरं नकळत गोचिडींची संख्या वाढवतात. गाय स्वतः फारशी आजारी पडत नाही.

माणसाकडून माणसाला हा पसरत नाही. घरात कोणाला झाला तर त्याला वेगळं ठेवायची, भांडी वेगळी करायची गरज नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण कोविडनंतर लोक कुठल्याही व्हायरसचं नाव ऐकलं की पेशंटला खोलीत कोंडतात.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात. माकडं पटापट मरत होती आणि गावातली माणसं तापाने पडत होती, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांना (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, तीच) आधी भीती वाटली की यलो फीवर भारतात शिरला की काय, कारण दक्षिण अमेरिकेत यलो फीवरने माकडं अशीच मरतात. तपासलं तर निघाला वेगळाच व्हायरस, रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराच्या जवळचा. पुढे कितीतरी वर्षं तो शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरताच होता. २०१२ नंतर मात्र बंदीपूर, वायनाड, निलगिरी, आणि २०१५ ला आपल्या सत्तरीतलं पाली गाव. त्यानंतर एनआयव्हीच्या लोकांनी गोव्यातल्या काजू कामगारांवर अभ्यास करून छापला, म्हणजे तुमच्या बायका जे म्हणतायत ते उगाच नाही, काजूचं काम आणि हा ताप यांचा संबंध नोंदलेला आहे.

---

फोंडेकर७७

एवढं सगळं वाचून एकच कळतं की माकडं आहेत म्हणून हे आहे. बागायतदारांचं नुकसान पण तीच करतात, नारळ ठेवत नाहीत, केळी ठेवत नाहीत. सरकारने ती पकडून कुठेतरी लांब सोडावीत नाहीतर मारायची परवानगी द्यावी, विषयच संपला.

---

रानवाटा_केरी

@फोंडेकर७७ बाब, नुकसानीचा राग समजतो, माझ्या भावाच्या पण नारळाचं तेच होतं. पण या तापासाठी माकडं पकडून लांब नेऊन सोडणं म्हणजे अंगावरच्या गोचिडींसकट दुसऱ्या गावाच्या दारात नेऊन सोडणं. आणि मारलीत तर मेलेल्या माकडाच्या गोचिडी उतरून कुठे जाणार ते वर लिहिलंयच. कायद्याने गुन्हा आहे तो भाग वेगळाच.

मी वाळपई-केरी भागात रानात फिरतो, पक्षी बघायला आणि कधी वणव्याच्या वेळी मदतीला. माकड आपल्याला इशारा देतं हे लक्षात घ्या. व्हायरस रानात असताना माणसाच्या आधी बऱ्याचदा माकडं आजारी पडतात, काळतोंडी वानरं आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही. ज्या गावात लोक मेलेलं माकड दिसल्याबरोबर कळवतात तिथे आरोग्यवाल्यांना पावडर मारायला, ताप सर्व्हे करायला थोडा तरी वेळ मिळतो. जिथे लोक गपचूप पुरून टाकतात (देवाचं म्हणून हळद-कुंकू लावून पुरतात, मी बघितलंय, भावना चांगली असते) तिथे पहिली बातमी माणूस अ‍ॅडमिट झाल्यावरच कळते. मारुतीचं म्हणून हात जोडा, नमस्कार करा, पण लांबून, आणि मग फोन करा.

आणखी एक. प्रत्येक मेलेलं माकड केएफडीनेच मेलं असं नसतं, विजेच्या तारेला चिकटून मरतात, कुत्रे मारतात, गाडीखाली येतात. ते ठरवायचं काम आपलं नाही. कळवायचं आपलं.

---

निवृत्त_सिस्टर_सत्तरी

सूनबाई, मी सत्तरीतच आरोग्य खात्यात नोकरी केली, आता रिटायर झाले, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर वाचून घ्या कारण हे सगळं तुमच्या मांयला आणि मामांना (सासऱ्यांना) वाचून दाखवायचं आहे.

पहिलं, तुमच्या चुलत दिराला ताप दोनदा आला म्हणताय ना, तो बहुतेक एकच ताप होता. या आजाराची चालच तशी आहे. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप चढतो, सावकाश नाही, सकाळी माणूस बागायतीत बिया वेचत असतो आणि संध्याकाळी उठवत नाही असा, कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात, जुलाब होतात, काहींना हिरड्यातून नाकातून रक्त येतं किंवा शौचाला काळं होतं. आठवडा दीड आठवडा हे चालतं आणि मग ताप उतरतो. घरचे म्हणतात बरा झाला, माणूस कामाला पण लागतो. आणि बऱ्याच जणांचं तिथेच खरोखर संपतं. पण काही जणांना, साधारण दहातल्या एक-दोघांना, मध्ये एक-दोन आठवडे चांगले गेल्यावर ताप परत उलटतो आणि या वेळी डोक्यावर जातो, मान आखडते, हात कापतात, माणूस बरळतो, डोळ्यांना नीट दिसत नाही. मांय ज्याला दुसरा ताप म्हणतात तो हा असणार. दीर बरे झाले हे देवाचे उपकार, पण शंभरातले तीन ते पाच जण यातून उठत नाहीत, आणि ते फक्त म्हातारेच असतात असं नाही. म्हणून पहिला ताप उतरला तरी पुढचे दोन-तीन आठवडे माणसावर नजर ठेवायची, जड कामाला लावायचं नाही, आणि डोकं परत दुखायला लागलं की वाट बघायची नाही.

दुसरं, मामांना सांगा हुर्राकाने व्हायरस मरत नाही, पोटात घेऊन पण नाही आणि अंगाला चोळून पण नाही. उलट ताप असताना हुर्राक आणि तापाची गोळी दोन्ही पोटात गेली तर लिव्हरवर ताण येतो, आणि या आजारात लिव्हरला आधीच त्रास झालेला असतो. हे मी हसण्यावारी नेत नाहीये, सीझनमध्ये पुरुष माणसं ताप अंगावर काढतात, संध्याकाळी दोन घोट घेतले की बरं वाटतं म्हणतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्याकडे आणली जातात तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं.

औषध म्हणाल तर या व्हायरसला मारणारं औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, ती बॅक्टेरियासाठी. (डॉक्टरने दिली तर भांडू नका, कारण सुरुवातीला लेप्टो आणि स्क्रब टायफस हे बॅक्टेरियाचे ताप पण असेच दिसतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागतं.) उपचार म्हणजे सलाईन, ताप उतरवणं, रक्तस्राव होतो का बघणं, प्लेटलेट बघणं, आणि हे सगळं वेळेवर झालं की बहुतेक माणसं घरी परत येतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंग दुखतं म्हणून दुकानातून ब्रुफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन आणून देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

तिसरं, कपडे आणि सवयी. आमच्या काळात आम्ही गोचिडी चिकटू नयेत म्हणून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटायचो, आता आरोग्य केंद्रात काय मिळतंय ते विचारून घ्या आणि मिळालं की पाय, हात, मान सगळीकडे लावूनच बागायतीत जा, घाम आला की परत लावायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, गमबूट असतील तर उत्तम. बायका साडी वर खोचून अनवाणी बसून बिया सोलतात त्यांच्यासाठी हे कठीण आहे, मला माहीत आहे, तरी निदान सलवार किंवा नवऱ्याची जुनी पँट आत घालायला सांगा. रंग फिकट घाला, गोचीड वर चढताना दिसते. या दिवसांत चावणारी गोचीड पिल्लू असते, तिळाएवढी सुद्धा नाही, गुरांच्या अंगावर दिसते तशी मोठी शोधाल तर सापडणारच नाही.

दुपारी जेवायला, आडवं व्हायला पाल्यावर बसू नका. प्लास्टिकची खुर्ची, बाकडं, नाहीतर ताडपत्री तरी. बोंडं हाताने चाचपडत उचलण्यापेक्षा काठीला खिळा लावून उचलतात ना जुनी माणसं, तसं करा, वाकणं पण वाचतं. घरी आल्यावर कपडे दाराबाहेर उतरवून गरम पाण्यात घाला आणि साबण लावून कढत पाण्याने आंघोळ, आणि एकमेकांचं अंग बघा, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, कानामागे, केसांच्या कडेला. चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नका, विडीने चटका देऊ नका, नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढायची, मग जागा साबणाने धुवायची.

आणि पातेरा! हे सगळ्यात राहून जातं. रानातला सुका पातेरा पोत्यात भरून गोठ्यात गुरांखाली घालायची आपली पद्धत आहे, त्यातून गोचिडी थेट घरात येतात. म्हणजे माणूस रानात गेलाच नाही तरी गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईला ताप येतो आणि कोणाला संशय पण येत नाही. निदान जानेवारी ते मे रानातला पातेरा आणू नका, गोठ्यात भाताचं गवत घाला.

---

दोडामार्गवालो

सिस्टरनी लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. मी पलीकडचा, दोडामार्ग तालुक्यातला. २०१६ ला आमच्याकडे केर गावात आणि आसपास हा ताप आला तेव्हा आम्हाला नाव पण माहीत नव्हतं. लोक म्हणायचे डेंगी असेल, कोणी म्हणायचे लेप्टो असेल कारण सिंधुदुर्गात लेप्टो ओळखीचा. पण डेंगी-लेप्टो पावसातले, आणि हे तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, ऐन काजूच्या दिवसांत, तिथेच शंका यायला हवी होती.

आमच्या काकांना बांद्याच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात नेलं, त्यांनी डेंगीची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, टायफॉइड म्हणून इंजेक्शनं चालू केली आणि त्यात दिवस गेले. काका रानात जातात, माकडं मेलीयत, हे कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. शेवटी तब्येत बिघडली तेव्हा बांबोळीला गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं, तिथे रक्त तपासायला पाठवलं आणि मग कळलं. काका वाचले पण पुढचा सबंध पावसाळा अशक्तपणात गेला, नांगर धरता आला नाही, त्या वर्षी शेती मक्त्याने दिली. मरणाचे आकडे पेपरात येतात, पण असं अर्धं वर्ष गेलेल्या घरांचं कुठे येत नाही आणि गरीब घराला तेच जास्त मोडतं.

म्हणून माझी विनंती एकच, ताप आलेल्या माणसाने डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं की मी काजूत/रानात जातो आणि आमच्याकडे माकड मेलंय. मग टेस्ट कुठली करायची ते त्यांना कळेल.

---

मायक्रोबायो_पणजी

@दोडामार्गवालो हेच लिहायला परत आलो. ताई तुमचा डेंगी टेस्टचा प्रश्न राहिला होता. डेंगीची एनएस१ किट फक्त डेंगीच्या व्हायरसचं प्रोटीन शोधते, केएफडी असेल तर ती निगेटिव्हच येणार, आणि निगेटिव्ह म्हणजे काही नाही असा अर्थ लोक काढतात. केएफडीसाठी वेगळी टेस्ट लागते. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तात व्हायरस असतो तेव्हा आरटीपीसीआर, आणि साधारण पाचव्या दिवसानंतर अँटिबॉडी बनायला लागतात तेव्हा आयजीएम एलायझा. गल्लीतल्या लॅबमध्ये हे होत नाही, सरकारी आरोग्य केंद्रातून सॅम्पल पाठवावं लागतं. म्हणून खाजगीत तीन-चार दिवस घालवण्यापेक्षा सीझनमधल्या तापाला सरळ वाळपईच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथल्या लोकांनी हा आजार जवळून बघितलाय. सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी दिसतात, डेंगीसारखंच, तिथे पण फसायला होतं.

लसीबद्दल कोणी विचारलं नाही पण विचारतीलच. केएफडीची एक जुनी लस होती, कर्नाटकात बनायची, मारलेल्या व्हायरसची. दोन डोस आणि मग पुन्हा पुन्हा बूस्टर. दोन डोस घेतलेल्यांमध्ये संरक्षण साठ-बासष्ट टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टर घेतल्यावर त्र्याऐंशीपर्यंत असं कर्नाटकातल्या एका अभ्यासात आलं होतं, पण लोक एक डोस घेऊन परत येत नसत, सुई खूप दुखायची, आणि पुढे पुढे तिचा परिणाम पण कमी पडायला लागला. ती आता बंद झालीय. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) नवीन लसीवर काम करतेय. ती हातात येईपर्यंत कपडे, तेल, आंघोळ आणि पातेरा हीच लस समजा.

मला एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं ते लिहितो. हा व्हायरस १९५७ पासून माहीत आहे. साठ वर्षांच्या वर झाली. तरी त्याच्यासाठी औषध नाही आणि धड लस नाही, कारण तो ज्यांना होतो ती माणसं बिया वेचणारी, लाकडं गोळा करणारी, गुरं राखणारी. शहरात पसरला असता तर चित्र वेगळं असतं. सौदी अरेबियात १९९० च्या दशकात याचाच जवळचा भाऊ सापडला, अल्खुर्मा नावाचा, म्हणजे हा फक्त आपल्या घाटापुरता विषय नाही. आपल्या पोरांनी, जी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी शिकतायत, त्यांनी हा विषय घ्यावा असं फार वाटतं, कारण तो आपल्या अंगणातला आहे.

---

काजूवाली_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार. सिस्टर, तुमची पोस्ट मांयना फोनवर पूर्ण वाचून दाखवली. दुसऱ्या तापाचं ऐकल्यावर त्या गप्पच झाल्या, म्हणाल्या हो, त्याचे हात कापत होते आणि आम्ही म्हटलं बाहेरचं काहीतरी लागलं. नवऱ्याने सकाळीच आरोग्य केंद्रात फोन केला, माणसं येऊन गेली, माकडाचं सॅम्पल घेतलं, पावडर मारली, आणि शेजारच्या कामगारांची नावं पण घेऊन गेले. ज्यांनी ढकललं त्यांना रोज फोन करून ताप विचारणार आहेत.

आता दोन प्रश्न उरले. एक म्हणजे बागायत सोडायची की नाही, भट्टी चालू आहे, वर्षाचा निम्मा पैसा यातच येतो. आणि दुसरं मुलांचं.

---

निवृत्त_सिस्टर_सत्तरी

अगदी योग्य केलंत. मांयना सांगा त्यांचा काही दोष नाही, त्या वेळी कोणालाच कळत नव्हतं.

बागायत सोडायला सांगणार नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना सोडा म्हणणं सोपं आहे आणि कोणी ऐकत पण नाही. पण ज्या अंगाला माकड सापडलं, ओहोळाची ती बाजू, तेवढा तुकडा यंदा सोडून द्या. तिथली बोंडं गेली तर जाऊ देत. आरोग्यवाले स्वतः म्हणाले की चालेल तरच जा. बाकीच्या भागात झाडाखालचा पाला लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून घ्या म्हणजे बी पण स्वच्छ दिसते आणि हात पाल्यात जात नाही, हे काम करणाऱ्याने मात्र गमबूट आणि तेल दोन्ही वापरायचं. कामाला येणाऱ्या बायकांना तेल, मोजे, जुन्या पँटी तुम्ही द्या, रोजात कापू नका, आणि एखादीला ताप आला तर दवाखान्याची गाडी तुम्ही करा. त्या येत नाहीत म्हणाल्या ते बरोबरच बोलल्या, आता एवढी सोय केलीत तर येतील. भट्टीजवळ रात्री राखणीला जो झोपतो त्याला खाटेवर झोपू दे, जमिनीवर नको.

मुलांना यंदा बागायतीत नेऊ नका. घरी आजीकडे राहू देत, अंगणात खेळू देत, पण बिया वेचायला, मागे ओहोळावर, करवंदं काढायला रानात नको. मुलांना हे पटत नाही, मी स्वतः सत्तरीतच वाढले, मे महिना म्हणजे रानच. समजावून सांगा. घरात कुत्रा असेल तर तो पण रानातून गोचिडी घेऊन येतो, त्याला मुलांच्या अंथरुणावर येऊ देऊ नका आणि गुरांच्या डॉक्टरकडून गोचिडीचं औषध गायींना आणि कुत्र्याला दोघांनाही लावून घ्या.

---

रानवाटा_केरी

सिस्टरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की पहिला दमदार पाऊस झाला की पिल्लू गोचिडींचा जोर ओसरतो आणि माणसांमधले ताप जूनपर्यंत कमी होत जातात, पावसातल्या मोठ्या गोचिडी जास्त करून गुरांवर जातात. म्हणजे काळजी घ्यायची ती आतापासून सीझन संपेपर्यंत, आणि परत डिसेंबर-जानेवारीत काजूखालची साफसफाई सुरू होते तेव्हापासून. पंचायतीत हा विषय घ्यायला सांगा, दर वर्षी सीझन लागायच्या आधी तेलाच्या बाटल्या गावात पोचलेल्या हव्यात, माकड मेल्यावर नाही. आमच्या वाड्यावर आम्ही कुठे मेलेलं माकड दिसलं की फोटो आणि जागा ग्रूपवर टाकतो आणि एक जण आरोग्य केंद्राला कळवतो, एवढं साधं आहे. तुमच्या शेजारच्या बागायतदारांना पण त्यात घ्या कारण माकडं एका कुंपणात राहत नाहीत.

---

काजूवाली_सून

ग्रूप आजच बनवते. शेजारच्या कामगारांपैकी एकाला काल रात्री कणकण वाटली म्हणून लगेच वाळपईला नेलं, जाताना नवऱ्याने कागदावर लिहूनच दिलं की काजूत काम करतो आणि मेलेलं माकड काठीने हलवलं होतं. रक्त घेतलंय. रिपोर्ट आला की इथे लिहीन.